सहा महिन्यांत उखडणारा गावरस्ता: पैसा कुठल्या शीर्षाचा, दोष कुठल्या थराचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका गावाला राज्य मार्गाशी जोडणारा 3 किलोमीटरचा रस्ता. फेब्रुवारीअखेर डांबरीकरण झाले, ऑगस्टमध्ये कडा तुटल्या आणि दिवाळीपर्यंत गावाजवळचा अर्धा किलोमीटर उखडला. आता त्याच रस्त्याला पुन्हा निधी मंजूर झाल्याचे सांगतात. हा पैसा कुठून येतो, गुत्तेदाराने डांबर कमी वापरले का हे कसे कळेल, आणि या वेळी काम चालू असताना काय बघायचे?

डांबर कमी पडले असेलही. ते तपासायची रीत खाली दिली आहे. पण काळ्या जमिनीवरचा रस्ता पहिल्याच पावसात कडेने तुटला आणि गावाजवळ उखडला असेल, तर आधी पाण्याकडे आणि बुडाकडे, म्हणजे रस्त्याखालच्या मातीकडे बघा. मराठवाड्यातल्या गावरस्त्यांना पैसा मिळतो तो वरच्या दोन सेंटिमीटरसाठी, आणि दोष असतो खालच्या दोन फुटांत. असे का होते ते निधीच्या शीर्षावरून कळते, म्हणून सुरुवात तिथून करू.

पहिल्यांदा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. रस्त्याला क्रमांक असतो, 'इजिमा' किंवा 'ग्रामा' असे पुढे लावून लिहिलेला. तो क्रमांक नसलेल्या अर्जाला बहुतेक वेळा नीट उत्तर मिळत नाही, कारण कार्यालयातली सगळी कागदपत्रे गावाच्या नावाने नाही, रस्त्याच्या क्रमांकाने आणि साखळी क्रमांकाने (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराने) लावलेली असतात. 0/000 ते 3/000 अशी साखळी लिहा, तुटलेला भाग कुठल्या साखळीत येतो तेही लिहा.

आता शीर्ष, म्हणजे सरकारी अर्थसंकल्पातले खर्चाचे खाते. 3054 हे देखभाल-दुरुस्तीचे शीर्ष, 5054 हे भांडवली म्हणजे नव्या बांधणीचे आणि मजबुतीकरणाचे. जिल्हा नियोजन समितीतून जिल्हा परिषदेला दोन्हींखाली पैसा येतो. 2515 हा ग्रामविकास विभागाचा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या गावांतर्गत मूलभूत सुविधांचा. त्यातून येणारी रक्कम साधारण छोटी असते आणि शंभर-दोनशे मीटरच्या तुकड्यांत संपते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना या दोन्हींचा कारभार महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेकडे आहे. तिथे रस्ता बुडापासून आखला जातो आणि पुढची 5 वर्षे नियमित देखभाल त्याच गुत्तेदाराकडे करारानेच बांधलेली असते. प्रधानमंत्री योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. सुरुवातीला सगळा पैसा केंद्राचा होता, 2015-16 पासून केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून भरणारा केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी हा केंद्राच्या पैशाचा मुख्य झरा आहे. आमदार-खासदारांच्या तोंडी 'सीआरएफ' म्हणून येतो तो हाच. राज्य मार्गांची मोठी कामे त्यातून होतात, ग्रामीण मार्गाला तो थेट लागत नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झाला: 2024-25 ते 2028-29, एकूण 62,500 किलोमीटर, 70,125 कोटी रुपये. हा टप्पा न जोडलेल्या वस्त्यांसाठी आहे. निकष 2011 च्या जनगणनेनुसार सपाट भागात 500 लोकवस्तीचा. आकांक्षित (केंद्राने विकासात मागे म्हणून निवडलेले) जिल्हे आणि तालुक्यांत तो 250 वर येतो, आणि धाराशिव हा आकांक्षित जिल्हा आहे. मुख्य गावाच्या नावावर रस्ता झाला म्हणून जो तांडा किंवा वाडी अजून चिखलातच आहे, तिथल्या ग्रामपंचायतीने वस्तीची स्वतंत्र लोकसंख्या दाखवून पाठपुरावा करावा. तुमचा रस्ता मात्र आधीच जोडलेला आहे, त्यामुळे तुम्हाला चौथ्या टप्प्याचा उपयोग नाही.

या सगळ्याचा तुमच्या रस्त्याशी संबंध असा की पैसा 3054 मधून आला असेल तर अंदाजपत्रकात जवळपास नेहमी तीनच बाबी असतात: खड्डे भरणे, 20 मिलिमीटरचे कारपेट (डांबर-खडीच्या मिश्रणाचा वरचा थर) आणि त्यावर सीलकोट (पाणी अडवणारा पातळ थर). जमले तर काही लांबीत बीबीएम, म्हणजे डांबराने बांधलेला खडीचा थर. मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट), नाली, साइडपट्टी, मुरमाचा थर यांना जागाच उरत नाही, कारण तेवढ्याच रकमेत जास्तीत जास्त लांबी काळी करून दाखवायची असते. माझ्या मते या भागातल्या रस्त्यांचे सगळ्यात मोठे नुकसान याच सवयीने केले आहे. 20 मिलिमीटरचे कारपेट रस्त्याला ताकद देत नाही. ते फक्त वरून येणारे पाणी अडवते आणि चाकाला गुळगुळीत पृष्ठभाग देते. भार उचलतात ते खालचे खडीचे आणि मुरमाचे थर.

तरीही डांबराचा हिशेब करायलाच हवा, आणि तो अवघड नाही. रस्ते मंत्रालयाच्या तपशीलपत्रकाप्रमाणे 20 मिलिमीटर ओपन ग्रेडेड कारपेटला दर 10 चौरस मीटरला 13.2 मिलिमीटरची खडी 0.18 घनमीटर आणि 11.2 मिलिमीटरची 0.09 घनमीटर लागते, आणि डांबर 9.5 अधिक 5.1 म्हणजे 14.6 किलो. वरचा सीलकोट द्रव पद्धतीचा असेल तर 9.8 किलो, वाळू-चुरीचे प्रिमिक्स असेल तर 6.8 किलो. तुमचा रस्ता 3 किलोमीटर लांब आणि 3.75 मीटर रुंद धरला तर क्षेत्रफळ 11,250 चौरस मीटर. कारपेटला सुमारे 16.4 टन, प्रिमिक्स सीलकोटला 7.65 टन, मिळून 24 टन डांबर. द्रव सीलकोट असेल तर हाच आकडा 27.5 टनांच्या आसपास जातो. खडी कारपेटपुरती 304 घनमीटर, म्हणजे 107 ब्रास. त्याखाली आधीच्या डांबरी पृष्ठभागावर टॅककोटचे (दोन थर चिकटवणारे) इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. 50 मिलिमीटरचा बिटुमिनस मॅकॅडम (कारपेटखालचा जाड डांबर-खडीचा थर) संपूर्ण लांबीत धरला असेल तर तो साधारण 1,240 टन मिश्रण होतो आणि 3.4 टक्क्यांनी त्याला एकट्यालाच 42 टन डांबर लागते.

आता हे आकडे डांबराच्या गेटपासशी, म्हणजे चलनाशी जुळवा. तेल कंपनीच्या डेपोतून किंवा रिफायनरीतून निघणाऱ्या प्रत्येक टँकरला चलन असते. त्यावर तारीख, प्रत, निव्वळ वजन, वाहन क्रमांक आणि घेणाऱ्याचे नाव असते. बिलासोबत ही चलने जोडावी लागतात. माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची नक्कल, डांबराची चलने आणि कारपेटच्या एक्स्ट्रॅक्शन चाचणीचे (मिश्रणात डांबर किती आहे ते मोजणाऱ्या) अहवाल एकत्र मागा. बघायचे असे: चलनाची तारीख काम सुरू होण्याच्या आसपासची आहे का, प्रत व्हीजी-30 आहे का (व्हीजीचा आकडा मोठा तितके डांबर घट्ट), आणि तेच चलन दुसऱ्या कामाच्या बिलाला लावलेले नाही ना. एकाच चलनाच्या झेरॉक्सवर दोन बिले निघू नयेत म्हणून मूळ चलनावर कामाचे नाव लिहून ते रद्द करण्याची पद्धत आहे. ती खूण नसेल तर विचारायला जागा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात हवेचे तापमान 40 च्या वर जाते, त्यामुळे व्हीजी-10 चे कारपेट मे महिन्यात मऊ पडून चाकाला चिकटते. 38 ते 45 अंशांच्या पट्ट्याला व्हीजी-30 हीच योग्य प्रत.

हिशेब जुळला तरी रस्ता उखडू शकतो. खरे दुखणे त्याच्या खाली आहे.

काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. कोरडी असताना ती दगडासारखी लागते, म्हणून मार्चमध्ये पाहणीला आलेल्या माणसाला बूड भक्कम वाटते. तीच माती 4 दिवस पाण्यात ठेवून सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद, काढला तर 2 ते 3 टक्के येतो. ग्रामीण रस्त्यांच्या आखणीत सगळ्यात कमजोर गट सीबीआर 2 चा आहे आणि आपली बरीच जमीन त्यातच बसते. माती किती फुगते हे फ्री स्वेल इंडेक्सने मोजतात. तो 50 टक्क्यांच्या वर असेल तर ती माती भरावात वापरायची नसते. पण रुंदीकरण करताना किंवा साइडपट्टी भरताना शेजारच्याच शेताच्या बांधाची माती जेसीबीने ओढून टाकली जाते, कारण चांगला मुरूम 15-20 किलोमीटरवरून आणावा लागतो. गौण खनिजाचे स्वामित्वधन 2021 पासून ब्रासला 600 रुपये झाले आहे आणि वाहतूक वेगळी. अंदाजपत्रकात मुरमाचे अंतर 5 किलोमीटर धरले असेल आणि खाण 20 किलोमीटरवर असेल, तर तो मुरूम येणार नाही हे तेव्हाच ठरलेले असते. अंदाजपत्रकाला जोडलेला अंतरतक्ता म्हणून आवर्जून बघावा.

काळ्या जमिनीवर उपाय दोनच, आणि दोन्ही जुने आहेत. वरचा किमान 30 सेंटिमीटर थर काढून तिथे न फुगणारा मुरूम थराथराने भरून दाबायचा, किंवा काळ्या मातीतच 3 ते 5 टक्के चुना मिसळून, ओलावा धरून दाबायचा. चुन्याचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवावे लागते. त्यावर खडी-मुरमाचा निचरा होणारा थर, तोही फक्त डांबराच्या रुंदीपुरता नाही तर साइडपट्टीखालून नालीपर्यंत पूर्ण रुंदीत. इथे सगळ्यात जास्त चूक होते. मधे 3.75 मीटरचा खडीचा थर आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीची साइडपट्टी असा रस्ता केला की मधला थर पावसात हौदासारखा भरतो. पाणी आत शिरते, बाहेर निघायला वाट नसते, आणि उसाची पहिली ट्रॉली गेली की कड खचते. तुमच्या कडा ऑगस्टमध्ये तुटल्या, ते हेच लक्षण आहे.

मुरूम चांगला की नाही हे चाचणीने कळते: बारीक भागाचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स 6 च्या आत आणि लिक्विड लिमिट 25 च्या आत हवे (दोन्ही आकडे त्यातल्या मातीचा चिकटपणा सांगतात). जागेवर अंदाज घ्यायचा तर मूठभर मुरूम ओला करून दोन बोटांत वळी वळून बघा. वळी वळली आणि हाताला चिकटली तर त्यात माती आहे. पिवळसर, मातीमिश्रित मुरूम दबाईनंतर छान दिसतो आणि पहिल्या पावसात लोणी होतो.

कडेने लांबच्या लांब, रस्त्याला समांतर भेगा एप्रिल-मे मध्ये दिसत असतील तर त्या भाराच्या नाहीत. साइडपट्टीची माती वाळून आकसली, ती डांबराच्या कडेला ओढते. रस्त्यालगत मोठी बाभळीची झाडे असतील तिथे त्या जास्त रुंद असतात. जूनआधी त्या इमल्शन आणि चुरीने भरून घेतल्या तर पाणी आत जात नाही. इतके स्वस्त काम असूनही ते क्वचितच होते, कारण त्याची वेगळी बाब अंदाजपत्रकात नसते. याउलट जाळीदार तडे चाकाच्या पट्ट्यात दिसले तर बूड मऊ पडले आहे. तिथे कितीही कारपेट टाका, वर्षभरात तेच नक्षीकाम पुन्हा वर येईल. तो भाग खोदून काढून भरावाच लागतो.

जायकवाडीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात, किंवा जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे तिथे, बूड बारमाही ओलेच असते. अशा ठिकाणी बुडाची पातळी शेतातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा किमान 60 सेंटिमीटर वर पाहिजे. रस्ता शेताच्या बांधापेक्षा खाली असेल तर आधी भराव आणि नाली, डांबर त्यानंतर.

गावाजवळचा अर्धा किलोमीटर का उखडला? गावठाणात सांडपाणी रस्त्यावर येते, नाली भरलेली असते, आणि जलवाहिनीसाठी खोदलेला चर काळ्या मातीनेच बुजवलेला असतो. डांबराला पावसापेक्षा हे रोजचे साबणाचे पाणी जास्त खाते. गावठाणाच्या लांबीत डांबर टाकूच नये, तिथे सिमेंट काँक्रीटचा रस्ता आणि बाजूला पक्की नाली हवी. ग्रामसडक योजनांत ही पद्धत आहेच. जलवाहिनीचा चर मुरमाने 15 ते 20 सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबून भरायचा असतो. एका दमात भरून वरून जेसीबीचे बकेट आपटले की तो पुढच्या पावसात बसतो. शेतकरी पाईप नेण्यासाठी रस्ता आडवा कापतात, त्यासाठी नवीन रस्ता होतानाच ठरावीक ठिकाणी रिकामे नळ टाकून घ्यावेत. ग्रामसभेत शेतकऱ्यांना विचारून ती ठिकाणे लिहून दिली तर पुढची कितीतरी कापाकापी टळते.

रस्त्याचा ढाळ तपासायला यंत्र लागत नाही. दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, एक टोक रस्त्याच्या मध्यावर ठेवा, वर पाणसळ ठेवून पट्टी आडवी करा आणि कडेला पट्टीखाली किती फट राहते ते टेपने मोजा. पातळ डांबरी थराच्या ग्रामीण रस्त्याला कमी पावसाच्या भागात 3 टक्के ढाळ धरतात. 3.75 मीटर रुंदीत मध्यापासून कडेपर्यंत 1.875 मीटर, म्हणजे फट साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. दीड-दोन सेंटिमीटर आली तर पाणी रस्त्यावरच थांबणार. हे मोजमाप डांबर पडण्याआधी, खडीच्या थरावर घ्या. खडीत नसलेला ढाळ 20 मिलिमीटरच्या कारपेटने आणता येत नाही. साइडपट्टी डांबराच्या कडेपेक्षा उंच नसावी आणि तिचा ढाळ रस्त्यापेक्षा जास्त असावा. कारपेटवर कारपेट चढत गेले की उलट होते: रस्ता उंच, कड उघडी, आणि समोरून गाडी आली की चाक खाली उतरताना कड तुटते. ती मुरमाने भरून घेणे हा कामाचाच भाग समजा.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे जे रस्ते वाहून गेले, त्यांतले अनेक मोऱ्यांपाशी तुटले. नळाची मोरी गाळाने आणि झुडपांनी अर्धी भरलेली असली की पाणी रस्त्यावरून उलटते आणि खालच्या बाजूची कड खरवडत मागे येते. मे महिन्यात प्रत्येक मोरीच्या दोन्ही तोंडांचे फोटो तारखेसह काढून शाखा अभियंत्याला लेखी द्या.

आता प्रत्यक्ष डांबर पडते त्या दिवसाबद्दल. जुना पृष्ठभाग वायर ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ झाला का, हे पहिले. धुळीवर मारलेला टॅककोट धुळीला चिकटतो, रस्त्याला नाही. काही महिन्यांत पापुद्र्यासारखे सुटणारे कारपेट बहुतेक याच कारणाने सुटते. सुटलेला तुकडा उलटा करून बघा: खालची बाजू मातकट करडी असेल तर साफसफाई किंवा टॅककोट झाला नाही, काळी आणि चिकट असेल तर दोष खालच्या थरात आहे. इमल्शन मारल्यावर ते तपकिरी दिसते, त्यातले पाणी सुटून काळे होईपर्यंत मिश्रण टाकायचे नाही. नव्या खडीच्या थरावर डांबरीकरण असेल तर आधी प्राइमकोट (खडीत मुरणारा पातळ डांबराचा फवारा), चौरस मीटरला 0.7 ते 1.0 किलो, आणि तो आत मुरायला वेळ द्यायचा.

तापमान मोजायचा साधा थर्मामीटर हजार-दोन हजारांत मिळतो. ग्रामपंचायतीने तो घ्यावाच. व्हीजी-30 ला मिश्रण प्लांटवर 150 ते 165 अंश, अंथरताना किमान 140, आणि दबाई 90 अंशांच्या आत गेल्यावर करून उपयोग नाही. 20 मिलिमीटरचा थर फार लवकर निवतो, रोलर फावड्यामागेच चालला पाहिजे. प्लांट 40 किलोमीटरवर आणि टिपरवर ताडपत्री नाही, तर रस्त्यावर पडते ते राखाडी, न चिकटणारे मिश्रण. उलट मिश्रणातून निळा धूर निघत असेल तर ते जास्त तापले आहे. डांबरातला चिकटपणा जळून जातो आणि तो थर दोन हिवाळ्यांत ठिसूळ होतो. हवेचे तापमान 10 अंशांखाली असताना काम करायचे नसते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेवढी थंडी पडते, तेव्हा ऊन वर आल्यावरच सुरुवात करायची. ओल्या पृष्ठभागावर कधीच नाही.

खडीबद्दल एकच. आपला बेसाल्ट डांबर चांगला धरतो, पण सगळ्या खाणींतला दगड सारखा नसतो. सच्छिद्र, पांढरे खनिज भरलेला दगड पाणी पितो आणि रोलरखाली फुटतो. कारपेटच्या खडीला इम्पॅक्ट व्हॅल्यू (ठोकल्यावर किती फुटते) 30 टक्क्यांच्या आत आणि पाणी शोषण 2 टक्क्यांच्या आत हवे. खडीला भुकटी चिकटलेली असेल तर पावसात डांबर सोलून निघते. क्रशरवरून आलेली खडी पांढऱ्या कपड्यावर ओतून हलवा, कापड धुळीने भरले तर ती परत पाठवायला सांगा.

भाराचा प्रश्न लातूर, धाराशिव, परभणी, बीड, सगळीकडे सारखाच. गाळप हंगामात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बारा महिने वाळूचे हायवा. आसावरचा भार 20 टक्क्यांनी वाढला तर नुकसान 20 टक्क्यांनी नाही, जवळपास दुप्पट होते, कारण नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढते. आखणीत 8.16 टनांचा आस प्रमाण धरतात. 11.5 टनांचा एक आस त्याच्या चौपट झिजवतो. म्हणून वाहतूक गणना जून-जुलैत केलेली असेल तर ती मान्य करू नका, ऊसतोडीच्या हंगामात करा असे लेखी मागा. आखणीची नियमावलीही पिकाच्या हंगामातली वाहतूक धरायला सांगते.

आता गुत्तेदाराच्या बाजूचे अर्थकारण, कारण तेही रस्त्याच्या दर्जात उतरते. रस्त्यांच्या सरकारी कामांवरचा जीएसटी जुलै 2022 मध्ये 12 वरून 18 टक्के झाला. डांबराचे दर तेल कंपन्या महिन्यातून दोनदा, 1 आणि 16 तारखेला बदलतात, आणि देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा भाग आयात होतो. मोठ्या करारांत दरवाढीची तरतूद किंवा डांबराचा स्टार रेट (भाव बदलला की फरक देण्याची सोय) असतो, छोट्या कामांत तो बऱ्याचदा नसतो. त्यात टेंडर 20-25 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, गेले असेल तर तेवढी रक्कम कुठून निघणार हे विचारणे रास्त आहे. ती डांबरातून निघत नसेल तर मुरमातून, दबाईतून आणि साइडपट्टीतून निघते, कारण तिथे मोजमाप घेणे अवघड. शिवाय बिले थकतात. 2025 मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी वेगवेगळ्या विभागांकडे 89 हजार कोटी रुपये थकल्याचा दावा करत आंदोलने केली आणि कामे थांबवली. अर्धवट थांबलेल्या कामाचे नुकसान थेट रस्त्याला होते: खडीचा थर प्राइमकोटविना पावसाळ्यात उघडा राहिला तर बारीक भाग वाहून जातो, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर तसेच कारपेट टाकले की दोष झाकला जातो. अशा वेळी थर पुन्हा उकरून, पाणी मारून, दाबून घ्यायलाच सांगा. मार्चअखेरची घाईही अशीच घातक. निधी परत जाऊ नये म्हणून दोन दिवसांत 3 किलोमीटर उरकलेल्या कामात वरच्या गोष्टींपैकी काहीच नीट झालेले नसते.

बायो-बिटुमेन आणि प्लास्टिकच्या रस्त्याने आपला प्रश्न सुटेल का, असे हल्ली बरेच जण विचारतात. पिकांच्या अवशेषांतल्या लिग्निनपासून केलेल्या बायो-बिटुमेनचा एक किलोमीटरचा प्रायोगिक पट्टा डिसेंबर 2024 मध्ये नागपूरजवळ मनसर मार्गावर झाला, तो आयात कमी करण्यासाठी महत्त्वाचा आहे. टाकाऊ प्लास्टिक डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के वापरण्याला मान्यता आहे आणि त्याने खडी पाण्याला जास्त टिकते. पण दोन्ही वरच्या थराच्या गोष्टी आहेत, काळ्या मातीवर त्यांचा काही इलाज नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. काम फेब्रुवारीत झाले म्हणजे दोष दायित्व कालावधी बहुधा अजून चालू आहे. तो किती महिन्यांचा हे करारनाम्यात आणि माहितीफलकावर असते. ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर 5 वर्षे. या कालावधीत दुरुस्तीचा खर्च गुत्तेदाराचा असतो, त्याची सुरक्षा ठेव त्याचसाठी अडकवलेली असते. म्हणून नवा निधी घेण्याआधी कार्यकारी अभियंत्याला लेखी विचारा: जुन्या कामाचा दायित्व कालावधी कधी संपतो, गुत्तेदाराला नोटीस दिली का, आणि सुरक्षा ठेव परत केली का. दायित्व चालू असताना त्याच साखळीवर दुसऱ्या शीर्षातून काम मंजूर झाले तर जुना गुत्तेदार आपोआप मोकळा होतो. अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह द्या. योजनेचा रस्ता असेल तर 'मेरी सडक' ॲपवरही तक्रार करा, त्याला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते. गुणवत्तेबाबत शंका असेल तर योजनेच्या रस्त्यांना राज्य आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक असतात, बांधकाम विभागाच्या कामांना दक्षता व गुणनियंत्रण मंडळ.

दायित्व संपले असेल आणि नवा निधी घ्यायचाच असेल, तर 3 किलोमीटर कारपेटऐवजी त्याच रकमेत कमी लांबीचे पण पुरे काम मागा. गावठाणात काँक्रीट आणि नाली, कडा तुटलेल्या भागात पूर्ण रुंदीचा मुरूम आणि साइडपट्टी, तुंबलेल्या मोऱ्या. उरलेल्या लांबीत या वर्षी फक्त खड्डे आणि भेगा. खड्डाही नीट भरून घ्या: चौकोनी कापून, कडा उभ्या ठेवून, खाली भक्कम थर लागेपर्यंत खोदून, कोरडा आणि साफ करून, तळाला आणि कडांना इमल्शन लावून, खोल असेल तर दोन थरांत भरून दाबायचा, वर 3 ते 5 मिलिमीटर उंच ठेवायचा. पावसाळ्यात गरम मिश्रण चालत नाही, तेव्हा पिशवीतले तयार थंड मिश्रण वापरायचे. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रकाची नक्कल घ्या. मुरमाच्या थराची जाडी, खडीच्या थराची जाडी आणि दोन्हींवरचा ढाळ ही तीन मोजमापे डांबराचा टँकर येण्याआधी, दर 200 मीटरला, त्यांच्यासमोर घेऊन कागदावर सही घ्या.